विश्लेषण : ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बोलायला ३४ वर्षं का थांबला?

एका वादळाने माणूस बदलला, असं मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टी सांगतात. जॉन न्यूटनच्या आयुष्यातलं वादळ खरं आहे, पण बदल एका रात्रीत झाला नाही. त्याला चाळीस वर्षं लागली. रोजच्या बायबल वाचनाने त्याचं कठोर मन हळूहळू कसं मऊ होत गेलं आणि या संथपणाची किंमत कोणी मोजली, समजून घेऊया.

आधी हे स्पष्ट करू : हा कोणता न्यूटन?

न्यूटन म्हटलं की सफरचंद आणि गुरुत्वाकर्षण आठवतं. तो आयझॅक न्यूटन. आपण बोलतोय जॉन न्यूटनबद्दल. जन्म १७२५, लंडनच्या वॉपिंग भागातला. खलाशी, गुलामांच्या जहाजाचा कप्तान, बंदरातला सरकारी अधिकारी, धर्मगुरू आणि गीतकार असं त्याचं आयुष्य.

त्याचं ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. जून २०१५ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी चार्ल्स्टन शहरातल्या एका अंत्यविधीत ते गायलं होतं. त्याचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला.

व्हायरल गोष्ट काय सांगते?

गोष्ट साधारण अशी असते. गुलामांचा एक क्रूर व्यापारी असतो. त्याचं जहाज वादळात सापडतं. तो देवाचा धावा करतो आणि वाचतो. मग तो गुलामांना सोडून देतो, व्यापाराला रामराम ठोकतो आणि त्या कृतज्ञतेपोटी ‘अमेझिंग ग्रेस’ लिहितो.

ऐकायला छान आहे. पण तारखा जुळत नाहीत. वादळ झालं १७४८ मध्ये. गीत लिहिलं गेलं २४ वर्षं उलटल्यानंतर. आणि वादळाच्या वेळी न्यूटन गुलामांच्या जहाजाचा कप्तान नव्हताच. कप्तान तो नंतर झाला. म्हणजे बायबल हातात घेतल्यानंतर!

खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

आईने काय शिकवलं होतं?

न्यूटनचे वडील भूमध्य समुद्रात व्यापारी जहाज चालवायचे. महिनोन्‌महिने घराबाहेर. घरी आई एलिझाबेथ आणि एकुलता एक मुलगा. आईची तब्येत नाजूक, पण श्रद्धा पक्की. तिने मुलाला अगदी लहानपणी वाचायला शिकवलं. बायबलमधले उतारे, धर्माची प्रश्नोत्तरं, आयझॅक वॉट्सची भक्तिगीतं पाठ करून घेतली. मुलाने पुढे धर्मगुरू व्हावं, अशी तिची इच्छा होती.

१७३२ मध्ये क्षयाने ती गेली. न्यूटनला सात वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते.

वडिलांनी दुसरं लग्न केलं. मुलाची दोनेक वर्षं बोर्डिंग शाळेत गेली. अकराव्या वर्षी तो वडिलांच्या जहाजावर चढला. आईने पाठ करून घेतलेलं हळूहळू धुऊन निघालं. निदान त्याला तसं वाटत होतं.

मन कठोर कसं झालं?

कोणाचंही मन एका दिवसात दगड होत नाही. न्यूटनचंही झालं नाही.

किशोरवयात तो अधूनमधून धार्मिक व्हायचा. उपास करायचा, प्रार्थना करायचा आणि काही दिवसांनी सगळं सोडून द्यायचा. हॉलंडमधल्या मिडलबर्ग इथे एका दुकानात त्याला लॉर्ड शाफ्ट्सबरीच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकाचा एक खंड मिळाला. तो त्याने इतक्या वेळा वाचला की त्यातला एक भाग जवळजवळ पाठ झाला. या वाचनाने आपली उरलीसुरली श्रद्धा पोखरली, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. पुन्हापुन्हा वाचलेलं पुस्तक माणसाला घडवतं, याचा हा त्याला आलेला पहिला अनुभव. फक्त दिशा उलटी होती.

१७४४ मध्ये त्याला जबरदस्तीने आरमारात घेतलं गेलं. त्या काळी ब्रिटिश आरमार माणसं कमी पडली की रस्त्यावरून तरुण उचलून नेत असे. ‘हार्विच’ नावाच्या युद्धनौकेवर वडिलांच्या ओळखीमुळे त्याला जरा बरं पद मिळालं. पण तो पळाला, पकडला गेला. सगळ्यांसमोर चाबकाचे फटके बसले आणि पदही गेलं. कालपर्यंत ज्यांच्यावर हुकूम चालवला, त्यांच्यात त्याला बसवण्यात आलं.

त्या दिवसांत कप्तानाचा खून करावा किंवा समुद्रात उडी घ्यावी, एवढेच विचार त्याच्या डोक्यात होते. त्याला थांबवलं ते मेरी कॅटलेट या मुलीच्या आठवणीने. केंटमधल्या चॅथम इथे तो तिला भेटला होता. तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि ती १४ चीही नव्हती. आपण गेल्यावर तिने आपल्याला वाईट समजू नये, एवढाच धागा शिल्लक होता.

गुलामांच्या व्यापारात तो आला कसा?

मदेरा बेटावर युद्धनौकेने त्याची अदलाबदल केली. नको असलेला खलाशी द्यायचा, दुसऱ्या जहाजावरून कामाचा घ्यायचा. न्यूटन अशा जहाजावर गेला, जे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलाम घ्यायला निघालं होतं.

तिथे सिएरा लिओनजवळच्या प्लँटन बेटांवर तो एका गोऱ्या गुलाम व्यापाऱ्याच्या हाताखाली राहिला. लवकरच आजारी पडला. व्यापाऱ्याची आफ्रिकन जोडीदारीण त्याचा छळ करायची. जेवायला मिळेनासं झालं. रात्री चोरून जमिनीतली कंदमुळं उपटून तो कच्चीच खायचा. बेड्या घातलेले गुलाम स्वतःच्या तुटपुंज्या अन्नातला घास लपवून त्याला द्यायचे, हेही त्याने नोंदवून ठेवलंय.

इथे एक तपशील आमच्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना थबकायला लावतो. या सगळ्या हालअपेष्टांत त्याच्याजवळ एकच पुस्तक होतं, युक्लिडची भूमिती. बेटाच्या कडेला जाऊन तो काठीने वाळूत आकृत्या काढायचा आणि प्रमेयं सोडवायचा. अशा रीतीने त्याने युक्लिडचे पहिले सहा भाग शिकून घेतले. डोकं शाबूत होतं. चिकाटी होती. मन मात्र गोठलेलं होतं. ज्या गुलामांनी घास दिला, त्यांची माणसं म्हणून दखल घ्यायला त्याला आणखी चाळीस वर्षं लागणार होती.

वादळाच्या रात्री नेमकं काय घडलं?

वडिलांनी लिव्हरपूलचे जहाजमालक जोसेफ मॅनेस्टी यांना मुलाचा शोध घ्यायला सांगितलं होतं. १७४७ मध्ये त्यांच्या ‘ग्रेहाउंड’ जहाजाने न्यूटनला शोधून काढलं. या जहाजावर गुलाम नव्हते. सोनं, हस्तिदंत, मेण आणि रंगासाठी लागणारं लाकूड, असा माल होता.

परतीच्या लांबलचक प्रवासात न्यूटनला काहीच काम नव्हतं. शिव्या द्यायच्या आणि देवाधर्माची टिंगल करायची, हाच उद्योग. नवनव्या शिव्या रचण्यात त्याचा हातखंडा होता. खुद्द कप्तानही वैतागायचा.

१० मार्च १७४८ च्या रात्री (जुन्या इंग्लिश पंचांगानुसार) उत्तर अटलांटिकमध्ये लाट जहाजावर आदळली. न्यूटन झोपेतून उठून शिडीवर चढत होता. तेवढ्यात कप्तानाने त्याला सुरी आणायला मागे पाठवलं. त्याच्याऐवजी जो वर गेला, तो त्याच क्षणी समुद्रात वाहून गेला.

पहाटेपासून दुपारपर्यंत न्यूटन पंपावर पाणी उपसत होता. मेण आणि लाकूड पाण्यापेक्षा हलकं, म्हणून फुटलेलं जहाज तरंगत राहिलं. कामाच्या धांदलीत त्याच्या तोंडून देवाच्या दयेची याचना निघून गेली आणि तो स्वतःच चमकला. आपल्यासारख्याला कसली दया मिळणार, हा विचार त्याच्या मनात घर करून राहिला. नंतर अनेक तास त्याने सुकाणू धरलं. त्या तासांत आईने पाठ करून घेतलेली वचनं एकेक करून परत आली. धुऊन गेलेलं काहीच नव्हतं. सगळं तळाशी होतं.

बायबल वाचायला त्याने सुरुवात का केली?

वादळ ओसरलं, पण संकट संपलं नाही. शिडं फाटलेली, अन्न जवळजवळ संपलेलं. जहाज चार आठवडे भरकटत होतं. याच दिवसांत जहाजावर मिळालेला नवा करार तो वाचू लागला.

त्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने आधी विश्वास ठेवला आणि मग वाचलं, असं झालं नाही. लूकच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात, मागणाऱ्याला देव आपला आत्मा देतो, असं आश्वासन आहे. न्यूटनने हिशेब मांडला : हे पुस्तक खरं असेल, तर हे आश्वासनही खरं असलं पाहिजे. मग मागून बघावं. युक्लिड वाळूत सोडवणाऱ्याची ही रीत होती. आधी गृहीत धरायचं, मग पडताळून पाहायचं.

त्याच लूकमध्ये उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. बापाची संपत्ती उडवून, उपाशी मरायची वेळ आल्यावर घरी परतणारा मुलगा आणि त्याला लांबून पाहून धावत येणारा बाप. न्यूटनला त्या मुलात स्वतःचा चेहरा दिसला.

एप्रिलच्या सुरुवातीला जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. न्यूटनने शिव्या सोडल्या, त्या कायमच्या. मार्चमधला तो दिवस मरेपर्यंत दरवर्षी पाळला.

व्हायरल गोष्ट इथे संपते. खरा प्रश्न इथे सुरू होतो.

मग त्याने व्यापार सोडला का?

नाही. उलट तो त्यात अधिक खोल गेला.

त्याच वर्षी तो ‘ब्राउनलो’ या गुलामांच्या जहाजावर कप्तानाच्या खालचा अधिकारी म्हणून गेला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर होड्यांतून फिरून माणसं विकत घेणं, हे त्याचं काम. वाचन सुटलं, जुन्या सवयी परतल्या. मग तापाने फणफणला आणि पुन्हा प्रार्थनेकडे वळला. ‘ब्राउनलो’ने माणसं उतरवली ती अमेरिकेतल्या चार्ल्स्टन बंदरात. त्याच चार्ल्स्टनमध्ये, जिथे २६६ वर्षांनी, चर्चमध्ये घुसून मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या शोकात ओबामांनी न्यूटनचं गीत गायलं.

१७५० मध्ये मेरीशी त्याचं लग्न झालं. त्याच वर्षी तो कप्तान झाला. ‘ड्यूक ऑफ अर्गाइल’ आणि नंतर ‘आफ्रिकन’ या जहाजांवर १७५४ पर्यंत त्याने तीन सफरी केल्या.

तेव्हा तो बायबल वाचत नव्हता का?

वाचत होता, रोज. हीच तर या आयुष्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

कप्तानाच्या केबिनमध्ये तो ठरलेल्या वेळी बायबल वाचायचा, प्रार्थना करायचा, लॅटिन शिकायचा. रविवारी खलाशांना जमवून उपासना घ्यायचा. याच काळात त्याने आत्मपरीक्षणाची डायरी सुरू केली. आपलं मन कुठे भरकटतं, प्रार्थनेत लक्ष का लागत नाही, याच्या बारीक नोंदी त्यात आहेत.

त्याच केबिनमध्ये दुसरी वही होती, जहाजाची रोजनिशी. ती आज लंडनच्या ग्रीनिचमधल्या सागरी संग्रहालयात आहे. त्यात वारा, खोली, खरेदी आणि मृत्यू यांच्या नोंदी आहेत. मेलेल्या गुलामांना नाव नाही, क्रमांक आहे.

डिसेंबर १७५२ मधली एक नोंद पाहू. गुलाम बंडाच्या तयारीत असल्याचं उघडकीला आलं. सुऱ्या, दगड आणि एक छिन्नी सापडली. कबुलीजबाब मिळावा म्हणून न्यूटनने काही मुलांना बेड्या घातल्या आणि त्यांचे अंगठे लोखंडी शिकंज्यात आवळले. होय, मुलांचे. आणि कट वेळेत कळला, याचं श्रेय त्याने त्याच नोंदीत देवाच्या कृपेला दिलं.

एकाच हाताने लिहिलेल्या दोन वह्या. एकीत स्वतःच्या पापांचा सूक्ष्म शोध. दुसरीत त्याच दिवसांतला मोठा गुन्हा, पण गुन्हा म्हणून दिसतच नसलेला.

म्हणजे वाचनाचा उपयोग झालाच नाही?

झाला, पण तो टप्प्याटप्प्याने झाला. न्यूटनच्या आयुष्यात तीन वर्तुळं दिसतात.

पहिलं वर्तुळ स्वतःचं. शिव्या, दारू, व्यभिचार, सुडाची भावना सुटत गेली. वाचन आधी माणसाला त्याच्या स्वतःच्या अंगणातला कचरा दाखवतं.

दुसरं वर्तुळ आपल्या माणसांचं. मेरीला लिहिलेल्या पत्रांत हळवेपणा येऊ लागला. खलाशांना वागवण्याची रीत बदलली. शेवटच्या सफरीत तर जहाजावर एकही माणूस दगावला नाही, ना खलाशी ना गुलाम. त्या काळात हे जवळपास अशक्य मानलं जायचं. पण ती माणसं शेवटी विकली गेलीच.

तिसरं वर्तुळ परक्यांचं, म्हणजे डेकखाली साखळदंडात पडलेल्यांचं. तिथे पोहोचायला सर्वांत जास्त वेळ लागला.

मत्तयच्या सातव्या अध्यायात एक साधा नियम आहे : लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं तुम्ही त्यांच्याशी वागा. नवा करार नियमाने वाचणाऱ्या न्यूटनच्या डोळ्यांसमोरून हे पान केबिनमध्ये कितीदा तरी गेलं असणार. पण लोक म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न तेव्हा त्याला पडला नाही. त्याला एकट्यालाच नव्हे. त्या काळच्या ब्रिटनमध्ये हा व्यापार कायदेशीर होता, प्रतिष्ठित होता, आणि चर्चला जाणारी कुटुंबं त्यात पैसे गुंतवत होती. बायबलमधलेच उतारे दाखवून गुलामगिरीचं समर्थन करणारेही होते.

मग व्यापार सुटला कसा?

तब्येतीमुळे. नोव्हेंबर १७५४ मध्ये, पुढच्या सफरीला दोनच दिवस उरले असताना, घरी मेरीसोबत चहा घेताना न्यूटन अचानक कोसळला. काही वेळाने शुद्धीवर आला, पण डॉक्टरांनी समुद्रावर जायला मनाई केली. वय होतं २९.

सदसद्विवेकबुद्धी जागी झाली म्हणून त्याने हा धंदा सोडला नाही. हे त्याने स्वतः कधी लपवलंही नाही. धंदा नकोसा वाटायचा, तुरुंगाच्या रखवालदारासारखं वाटायचं, एवढं मात्र त्याने मान्य केलं. आत काहीतरी खुपायला लागलं होतं, पण त्याला अजून नाव नव्हतं.

१७५५ मध्ये त्याला लिव्हरपूल बंदरात सरकारी नोकरी मिळाली. येणाऱ्या जहाजांची जकातीसाठी तपासणी करायची. हाताशी वेळ होता. त्याने ग्रीक आणि हिब्रू शिकायला घेतलं, म्हणजे बायबल मूळ भाषांत वाचता येईल. धर्मगुरू होण्यासाठी अर्ज केला, तो १७५८ मध्ये फेटाळला गेला. विद्यापीठाची पदवी नव्हती आणि मेथडिस्ट लोकांत त्याची ऊठबस होती. सहा वर्षं वाट पाहिल्यावर १७६४ मध्ये त्याला बकिंगहॅमशायरमधल्या ऑल्नी या छोट्या गावात नेमणूक मिळाली. त्याच वर्षी त्याचं आत्मकथनही प्रसिद्ध झालं. त्यात वादळ आहे, छळ आहे, कृपा आहे. गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार मात्र नाही.

ऑल्नीत काय बदललं?

ऑल्नी गरिबांचं गाव. लेस विणून पोट भरणारी बायामाणसं, तुटपुंजी मजुरी. इथे न्यूटन १६ वर्षं राहिला. केबिनमध्ये एकट्याने वाचलेलं पुस्तक आता त्याला रोज दुसऱ्यांना समजावून सांगायचं होतं. तेही आजारी, कर्जबाजारी, मूल गमावलेल्या माणसांना. खलाशाचा कोट घालून तो घरोघर फिरायचा.

१७६७ मध्ये कवी विल्यम कूपर तिथे राहायला आला. तीव्र नैराश्याने ग्रासलेला, आत्महत्येचे प्रयत्न केलेला माणूस. न्यूटनने त्याला जपलं. १७७३ मध्ये आजार पुन्हा उफाळला, तेव्हा वर्षाहून अधिक काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पुढे गुलामगिरीविरुद्ध कविता लिहिणाऱ्यांत हाच कूपर होता.

‘अमेझिंग ग्रेस’ इथलंच. १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी न्यूटनने ते लिहिलं. आधार होता बायबलमधल्या पहिल्या इतिहासाच्या पुस्तकातला, दावीद राजाच्या प्रार्थनेचा. एवढ्या मोठ्या कृपेला पात्र ठरावा असा मी कोण, हा त्या प्रार्थनेचा भाव. १७७९ मध्ये ते ‘ऑल्नी हिम्स’ या संग्रहात छापलं गेलं. आज आपण ऐकतो ती चाल त्याला अमेरिकेत १८३५ मध्ये जोडली गेली. न्यूटनने ती कधी ऐकलीच नाही.

गीतात तो स्वतःला पूर्वी आंधळा असलेला म्हणवतो. पण ते लिहितानाही त्याची नजर पुरती आलेली नव्हती. गुलामांबद्दल जाहीरपणे बोलायला अजून १५ वर्षं होती.

गप्प बसणं अशक्य कशामुळे झालं?

वाचनाने जमीन भुसभुशीत केली होती. त्यात बी पडलं ते इतर माणसांच्या प्रश्नांमुळे.

• १७७४ मध्ये मेथडिस्ट चळवळीचे नेते जॉन वेस्ली यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका काढली. न्यूटन त्यांना ओळखत होता.

• १७८३ मध्ये क्वेकर पंथीयांनी ब्रिटिश संसदेत अर्ज दिला. त्याच वर्षी ‘झाँग’ जहाजाचा खटला गाजला. विम्याच्या पैशांसाठी या जहाजावरून शंभराहून अधिक जिवंत गुलामांना समुद्रात फेकलं गेलं होतं.

• १७८५ च्या डिसेंबरात विल्यम विल्बरफोर्स हा २६ वर्षांचा खासदार गुपचूप न्यूटनला भेटायला आला. न्यूटन तेव्हा लंडनच्या सेंट मेरी वूलनॉथ चर्चमध्ये धर्मगुरू होता. धार्मिक जीवनासाठी राजकारण सोडावं का, असा विल्बरफोर्सचा पेच होता. न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितलं.

• १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती स्थापन झाली. विल्बरफोर्सने हा विषय संसदेत हाती घेतला.

आता न्यूटनपुढे दोनच पर्याय होते. सन्मान्य धर्मगुरू म्हणून गप्प राहायचं किंवा स्वतःच्या तोंडाने सगळं सांगायचं.

१७८८ मध्ये त्याने काय लिहिलं?

जानेवारी १७८८ मध्ये आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारावरची त्याची छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. जहाज सोडून ३४ वर्षं झाली होती. वय ६२.

सुरुवातच कबुलीने होते. ज्या धंद्याच्या आठवणीने आज थरकाप होतो, त्यात आपण स्वतः सक्रिय होतो, आणि ही कबुली फार उशिरा येते आहे, असं तो सांगतो. मग अनुभवी कप्तानाच्या नजरेने एकेक गोष्ट मांडतो. फळीवर पुस्तकं लावावीत तशी दाटीवाटीने निजवलेली माणसं. हलायलाही जागा न ठेवणाऱ्या जोडबेड्या. सकाळी मेलेल्याला जखडलेला जिवंत माणूस. मुलांच्या अंगठ्यांवर वापरलेला तोच लोखंडी शिकंजाही आता यादीत येतो, या वेळी क्रौर्य म्हणून.

त्याचा एक मुद्दा खास त्याचा होता. हा धंदा गुलामांचा जीव घेतोच, पण करणाऱ्याच्या मनातली माणुसकीही संपवतो, ते पोलादासारखं कठीण करून टाकतो. हे निरीक्षण बाहेरून केलेलं नव्हतं. तो स्वतः त्यातून गेला होता.

त्याच वर्षी त्याने राजाच्या सल्लागार मंडळासमोर साक्ष दिली आणि १७९० मध्ये संसदेच्या समितीसमोरही. गुलामांचे जहाजमालक सगळं आलबेल असल्याचं सांगत होते. त्यांच्यासमोर आता असा साक्षीदार होता, ज्याने ती जहाजं स्वतः चालवली होती.

डिसेंबर १७९० मध्ये मेरी कर्करोगाने गेली. न्यूटनची दृष्टी आणि श्रवणशक्ती कमी होत गेली, प्रवचनात मधेच विषय विसरायचा. तरी १८०६ पर्यंत तो उभा राहून बोलत होता. २५ मार्च १८०७ रोजी ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा मंजूर झाला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, ८२ व्या वर्षी, न्यूटन वारला. गुलामगिरीच बंद करणारा कायदा यायला १८३३ उजाडलं.

मराठीशी काही संबंध?

एक धागा आहे. १७९३ मध्ये बंगालला निघालेला विल्यम केरी हा तरुण मिशनरी जाण्याआधी लंडनमध्ये न्यूटनला भेटून सल्ला घेऊन गेला होता. हाच केरी पुढे कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये शब्दकोश छापला. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. ‘ग्रेहाउंड’वर भरकटताना न्यूटनने जे पुस्तक उघडलं होतं, तेच.

या गोष्टीतून काय समजतं?

गावच्या जुन्या विहिरीचा काठ आठवा. दोर घासून घासून दगडाला खाचा पडलेल्या असतात. कोणत्या दिवशी खाच पडली, हे कोणालाच सांगता येत नाही. न्यूटनचं वाचन तसं होतं. रोज थोडं, वर्षानुवर्षं. मन मऊ झालं यात शंका नाही.

पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. एक, वाचन आपोआप सगळीकडे पोहोचत नाही. जिथे आपला फायदा अडकलेला असतो, ते पान आपण सर्वांत शेवटी वाचतो. भले ते रोज डोळ्यांसमोरून जात असो. ते पान नीट वाचायला अनेकदा दुसऱ्या कोणाचा प्रश्न लागतो.

दोन, या संथपणाची किंमत न्यूटनने मोजली नाही. साडेतीनशेहून अधिक वर्षांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकन माणसांना जहाजांत कोंबून अटलांटिकपलीकडे नेण्यात आलं. त्यातल्या काहींना न्यूटनने नेलं. त्याच्या वहीत ती क्रमांक म्हणून राहिली. त्याचं मन वितळेपर्यंत त्यांच्याकडे वेळ नव्हता.

हे न्यूटनला माहीत होतं. म्हणूनच स्वतःच्या थडग्यासाठी त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या मजकुरात ‘अमेझिंग ग्रेस’चा उल्लेख नाही. आपण एकेकाळी देव न मानणारे आणि स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचेही नोकर होतो आणि दयेने वाचलो, असं तो तिथे आधी सांगतो. धर्मगुरूपणाची वर्षं त्यानंतर येतात.